फुटलं तिथं कारण नसतं

पाईप फुटला की सगळे फुटलेल्या जागी जमतात. जेसीबी येतो, खड्डा खणला जातो, कोणीतरी चिखलात उतरून फुटका तुकडा वर देतो आणि तो हातात फिरवत चर्चा सुरू होते. पाईपच हलका होता. सांधा नीट बसला नव्हता. खाली मुरूम टाकला नव्हता. वरून उसाचा ट्रॅक्टर गेला असेल. यातलं एखादं कारण खरंही असतं. पण पाणीपुरवठा योजनांच्या कामात नोकरीची बहुतेक वर्षं गेल्यावर माझं मत असं झालं आहे, की एकच जागा पुन्हा पुन्हा फुटत असेल तर तिचं कारण त्या खड्ड्यात शोधत बसू नये. ते दोन, चार, कधी दहा किलोमीटर दूर असतं. तिथून ते दाबाचा धक्का होऊन पाण्यातून येतं, आणि वाटेत त्याचं रूप इतकं पालटतं की फुटक्या तुकड्याकडे बघून ते ओळखू येत नाही.

कॉलेजात या विषयावर एक धडा होता, ‘वॉटर हॅमर’ नावाचा. त्यात एक सूत्र होतं आणि परीक्षेत त्यावर हमखास गणित यायचं. लांब नळातून वाहणारं पाणी टोकाचा व्हॉल्व्ह लावून एकदम थांबवलं, तर दाब किती वाढेल? धक्क्याचा वेग गुणिले पाण्याचा कमी झालेला वेग, भागिले गुरुत्वत्वरण. लोखंडी नळात धक्का सेकंदाला हजार मीटरच्या आसपास धावतो. म्हणजे सेकंदाला अवघा १ मीटर जाणारं पाणी थांबवलं तरी दाब १०० मीटर उंचीच्या पाण्याइतका, साधारण १० किलोनं वाढतो. ‘किलो’ म्हणजे आमच्या भाषेत दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. हे सूत्र निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाच्या नावानं ओळखलं जातं. विमानाच्या पंखाला उचल कशी मिळते याच्या सिद्धान्तासाठी त्याचं नाव जास्त माहीत आहे. पण १८९७-९८ मध्ये त्यानं मॉस्कोच्या अलेक्सेयेव्हस्काया पाणीपुरवठा केंद्रात बिडाचे लांबच लांब नळ टाकून, मुद्दाम धक्के देऊन मोजमापं घेतली होती.

सूत्र धक्क्याचा जन्म सांगतं. जन्मल्यावर तो कुठे कुठे जातो, कुठे वाढतो, कुठे मवाळ होतो, कुठून उलटा फिरतो, हे मला योजनांवर राबताना कळत गेलं.

आमच्याकडे धरणं खोलगट भागात आणि गावं उंचावर. म्हणून योजनेची ठेवण साधारण ठरलेली: धरणात जॅकवेल, त्यावर पंपहाऊस, तिथून चढत जाणारी रायझिंग मेन, डोंगरावर मोठी टाकी, आणि त्या टाकीतून उताराने गावोगाव जाणाऱ्या वाहिन्या. उजनीहून सोलापूरला येणारं पाणी शंभराहून जास्त किलोमीटर नळातून येतं. जायकवाडीचं पाणी छत्रपती संभाजीनगरला उपसूनच आणावं लागतं. अशा वाहिनीत हजारो टन पाणी एका दिशेनं चाललेलं असतं आणि त्याला पुढे ढकलणारी वीज कधीही जाऊ शकते.

लाईट गेली की काय होतं? मालगाडीचं इंजिन थांबलं की सगळे डबे एकाच क्षणी थांबत नाहीत. पहिला डबा इंजिनावर आदळतो, दुसरा पहिल्यावर, आणि खणखणाट मागे मागे जात राहतो. नळातल्या पाण्याचंही तसंच. पाणी दाबलं जात नाही असं आपण शाळेत शिकतो, पण ते थोडंसं दाबलं जातं. १०० मीटर पाण्याच्या दाबाखाली ते साधारण बावीसशेत एक भाग आक्रसतं, आणि नळही किंचित फुगतो. एवढ्याशा लवचीकपणामुळे बातमीला पोहोचायला वेळ लागतो. पंप काही सेकंदांत थांबतो, पण पुढचं पाणी आपल्या गतीनं चढावर जातच राहतं. पंपाजवळ दाब कोसळतो आणि ही कोसळण वरच्या दिशेनं धावत सुटते. धक्का म्हटलं की दाब वाढणं डोळ्यांपुढे येतं. उपसा योजनेत मात्र पहिला धक्का दाब घटण्याचा असतो, आणि माझ्या अनुभवात जास्त नुकसान त्याच्यापासूनच सुरू होतं.

मराठवाड्यातल्या एका योजनेत पंपहाऊसपासून तीन किलोमीटरवर एक टेकाड होतं. वाहिनी त्याच्या माथ्यावरून जाऊन थोडी उतरायची आणि मग टाकीकडे चढायची. त्या टेकाडावरचे सांधे दर उन्हाळ्यात निसटायचे. रबरी गास्केट आतल्या बाजूला ओढलेलं सापडायचं, ठेकेदार नवं बसवायचा, पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. ठेकेदाराचं बिल अडकवलं गेलं. मी गेलो तेव्हा आधी पंपहाऊसमधलं रजिस्टर मागवलं. ऑपरेटरनं लाईट गेल्या-आल्याच्या वेळा नेमानं लिहिल्या होत्या. दुरुस्तीच्या तारखा त्यांच्याशेजारी मांडल्या तर जवळजवळ प्रत्येक दुरुस्तीच्या आदल्या दिवशी वळवाचं वादळ होऊन वीज गेलेली होती. पंपहाऊसमधला दाबमापक मात्र निर्दोष होता, ऑपरेटरही शपथेवर सांगत होता की काटा कधी लाल रेषेपर्यंत गेलेला नाही. तोही खरं बोलत होता. साध्या दाबमापकाला शून्यावर एक खिळी असते, काटा तिथे टेकला की खाली काय चाललंय ते तो दाखवतच नाही. शिवाय सेकंदाच्या अंशात येऊन जाणारा दाब पितळी नळीच्या त्या मापकाला गाठताही येत नाही.

आम्ही उणे दाबही मोजणारे दोन सेन्सर बसवले, एक पंपापाशी आणि एक टेकाडावरच्या एअर व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये. दोन्ही सेकंदाला शेकडो नोंदी घेणारे. मग पंप चालू असताना मुद्दाम वीज तोडली. पंपापाशी आलेख लगेच कोसळला. टेकाडावरचा जवळजवळ तीन सेकंद तसाच सरळ राहिला, कारण तिथे बातमी पोहोचलीच नव्हती. मग तोही घसरला, शून्य ओलांडून खाली गेला, आणि उणे नऊ मीटरच्या जरा पलीकडे सपाट झाला. त्या सपाट रेघेकडे मी बराच वेळ बघत होतो. दाब याहून खाली जाऊच शकत नाही, कारण तिथे पाणी साध्या तापमानालाच उकळतं. नळात वाफेची पोकळी होते आणि पाण्याचा सलग दांडा दुभंगतो. रेघ जितके सेकंद सपाट, तितकं त्या पोकळीचं आयुष्य. मग टाकीकडचं पाणी उलटं फिरतं, खालच्या पाण्यावर येऊन आदळतं, पोकळी मिटते, आणि आलेखावर एकच उभा काटा उठतो, रोजच्या दाबाच्या कित्येक पट उंच आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत संपणारा. हाच काटा पंपापर्यंत आला तेव्हा तो ठेंगणा आणि रुंद झालेला होता. पंपहाऊसमध्ये बसलेल्या माणसाला टेकाडावर काय घडतंय ते कधीच कळलं नसतं.

त्या टेकाडावर एअर व्हॉल्व्ह होता. दाब घटला की बाहेरची हवा आत घेऊन पोकळी होऊ न देणं हे त्याचं कामच. पण त्याच्या खालचा छोटा स्लूस व्हॉल्व्ह कोणीतरी लावून टाकला होता. एअर व्हॉल्व्हचा चेंडू झिजला होता, पाणी सतत गळायचं आणि ज्याच्या बांधाला चेंबर होतं त्याच्या कांद्याच्या वाफ्यात चिखल व्हायचा. त्यानं तक्रार केली, कोणी आलं नाही, म्हणून त्यानंच तो बंद केला. मला त्याच्यावर रागावता आलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

निर्वाताचा आणखी एक धोका मला इंजिनिअर मंडळींना नेहमी सांगावा लागतो. सांधा गळका असेल तर एरवी पाणी बाहेर जातं. दाब उणा झाला की त्याच फटीतून बाजूचं पाणी आत ओढलं जातं, मग ते गटाराचं असो की शेतातल्या डबक्याचं. शुद्धीकरण केंद्रात क्लोरिन बरोबर, टाकीत नमुना बरोबर, आणि गावात मात्र पोट बिघडलेले लोक. आपण सगळीकडे तपासतो, पण त्या आठवड्यात किती वेळा पंप अचानक बंद पडला हे विचारत नाही. मला वाटतं, ते आधी विचारावं.

त्या योजनेत आम्ही टेकाडावर एअर कुशन व्हॉल्व्ह बसवला आणि त्याच्या अलीकडे एक झिरो व्हेलॉसिटी व्हॉल्व्ह. हे दोन्ही आपल्याकडच्या उपसा योजनांत बरेच वापरले जातात. एअर कुशन व्हॉल्व्ह दाब घटताना हवा भराभर आत घेतो, आणि पाणी परत येताना ती हवा एकदम सोडून न देता गादीसारखी अडकवून ठेवतो. झिरो व्हेलॉसिटी व्हॉल्व्हची तबकडी स्प्रिंगवर असते. पुढे जाणारं पाणी मंदावत शून्यावर येतं तेव्हाच ती बसते. पाण्याला उलटा वेग घ्यायची संधीच मिळत नाही, मग आदळणार कुठून? ठेकेदाराचं बिल सुटलं.

दुसरी गोष्ट एका उताराच्या वाहिनीची. तिने मला सगळ्यात जास्त शिकवलं असं मी म्हणेन. डोंगरावरच्या टाकीतून ४०० मिलिमीटरची वाहिनी खाली येत होती आणि तिला वाटेत एका गावासाठी १५० मिलिमीटरचा फाटा होता. फाट्याचं टोक वारंवार उडायचं, नेहमी पहाटे तीन-चारच्या सुमारास. गावातला व्हॉल्व्हमन रात्री नऊला फाट्याचा व्हॉल्व्ह लावून घरी जायचा. ग्रामसभेत त्याच्यावरच ठपका आला: हा हिसडा देऊन व्हॉल्व्ह लावतो. पण नऊला लावलेल्या व्हॉल्व्हचा धक्का पहाटे तीनपर्यंत वाट बघत बसत नाही. हे साधं होतं, तरी त्याच्या बाजूनं बोलणारं कोणी नव्हतं.

पहाटे तीनला त्या वाहिनीवर काय घडत होतं? चार किलोमीटर पुढच्या शहराची टाकी भरत होती. ती भरली की फ्लोट व्हॉल्व्ह बंद व्हायचा, आणि त्याचा खिळा झिजल्यामुळे शेवटी तो सावकाश न मिटता धाडकन बसायचा. तिथे उठलेला धक्का मुख्य वाहिनीला झेपत होता. टाकीच्या माणसानं कधी काही तुटलेलं पाहिलं नव्हतं. तो धक्का मागे येताना फाट्याच्या तोंडाशी विभागला जातो. तीन सारखे नळ एकत्र येत असतील तर पुढच्या दोन्ही नळांत मूळ धक्क्याचा दोन तृतीयांश जातो. पण फाटा बारीक असेल तर मुख्य वाहिनीवर त्याचा जेमतेम परिणाम होतो, आणि त्या बारीक फाट्यात जवळजवळ सगळाच धक्का शिरतो. आमच्या मापांना हिशेब ९३ टक्क्यांच्या आसपास आला. पुढे बंद टोक. बंद टोकावर आदळलेला धक्का त्याच चिन्हाचा परत फिरतो आणि त्या जागी येणारा आणि जाणारा मिळून दुप्पट होतो. म्हणजे जो धक्का मुख्य वाहिनीनं सहज पचवला, तोच गावच्या बंद टोकावर पावणेदोनपटीहून जास्त झाला. धक्क्याची कड पुरेशी तीव्र असेल तरच हे घडतं. सावकाश चढणारा दाब फाट्यात जाऊन, परतून, मिसळून जातो. धाडकन बसणाऱ्या फ्लोट व्हॉल्व्हची कड मात्र तीव्रच होती.

दिवसा फाटा उघडा असताना हेच टोक गावच्या टाकीत सुटलेलं असे. उघड्या टोकाला दाब टाकीची पातळी ठरवते, म्हणून धक्का तिथून उलट चिन्हानं परततो, दाब वाढवत आला असेल तर घटवत जातो. एकच फाटा दिवसा सुरक्षित आणि रात्री धोक्यात, याचं कारण एवढंच. नवा फ्लोट व्हॉल्व्ह बसल्यावर टोक उडायचं थांबलं. ग्रामसभेत मी जाऊन हे सगळं फळ्यावर काढून दाखवलं. एवढं गणित कशाला, असं सरपंच मला नंतर म्हणाले. पण ज्या माणसाचा पगार दोन महिने अडवला होता त्याच्यासमोर ते मांडणं मला आवश्यक वाटलं होतं.

वाहिनी जिथे बारीक होते तिथेही असंच. ६०० मिलिमीटरमधून ३०० मध्ये शिरताना धक्का मूळच्या १.६ पट होतो. नकाशावर रिड्यूसर ही एक छोटी खूण असते. धक्क्याच्या दृष्टीनं ती अर्धी भिंत आहे.

नळाच्या भिंतीचाही यात मोठा वाटा. मोकळ्या पाण्यात धक्का सेकंदाला सुमारे १,४८० मीटर जातो. एक मीटर व्यासाच्या आणि १० मिलिमीटर जाडीच्या पोलादी नळात तो १,०३० च्या आसपास येतो, पीव्हीसीत साडेतीनशेच्या जवळपास, आणि एचडीपीईत अडीचशेपर्यंत उतरतो. वेग कमी म्हणजे दाबाची उडीही त्याच प्रमाणात लहान. शिवाय एचडीपीईची भिंत ताणली जाऊन सावकाश मागे येते, त्यामुळे टोकदार धक्का तिच्यातून जाताना गोलसर होत जातो. काही वर्षांपूर्वी एका वाहिनीचा मधला तुकडा बदलून एचडीपीई टाकला तेव्हा पलीकडच्या गावांचे त्रास खरोखर कमी झाले. पंपाच्या बाजूला मात्र ते वाढले, कारण लोखंड आणि एचडीपीई यांच्या सांध्यावरून धक्क्याचा काही भाग चिन्ह बदलून मागे फिरत होता आणि पंपाजवळ दाबाचे नवे हेलकावे उठवत होता. नळ मऊ केला की प्रश्न मिटला असं मानणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो.

आणि हवा. पाण्यात हजारात एक भाग मोकळी हवा बुडबुड्यांच्या रूपात असली, तर वातावरणाच्या दाबाला धक्क्याचा वेग तीनशे-साडेतीनशे मीटरवर येतो. हजारात एक म्हणजे डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढी. त्यामुळे दोन दिवशी घेतलेले एकाच वाहिनीचे आलेख जुळत नाहीत आणि नवे इंजिनिअर सेन्सरला दोष देतात. हवा धक्का मवाळ करते म्हणून ती चांगली, असंही नाही. माथ्यावर अडकलेली हवेची लहान पिशवी वाहिनी भरताना येणाऱ्या पाण्याला आधी वेग घेऊ देते आणि मग एकदम अडवते. रिकामी वाहिनी भरताना पाणी सेकंदाला ०.३ मीटरच्या आसपास ठेवावं असा नियम आहे तो याचसाठी. उद्घाटनाची तारीख ठरलेली असते, मंत्रिमहोदय येणार असतात, आणि नेमका तेव्हाच हा नियम मोडला जातो. माझं म्हणणं एवढंच असतं, की वाहिनी आदल्या दिवशी भरा आणि कार्यक्रमाला नुसता नळ सोडा.

एका जुन्या व्हॉल्व्हमनचा मला इथे उल्लेख करायचा आहे. तो मोठा स्लूस व्हॉल्व्ह लावताना सुरुवातीच्या फेऱ्या भराभर द्यायचा आणि शेवटच्या फेऱ्यांना लांब लोखंडी चावीचं टोक कानाला लावून उभा राहायचा. अर्धी फेरी, थांबणं, ऐकणं, पुन्हा अर्धी फेरी. साहेबांना वाटायचं की तो वेळ काढतोय. लांब वाहिनीत व्हॉल्व्ह निम्म्याहून जास्त लागला तरी प्रवाह फारसा घटत नाही. खरी घट शेवटच्या थोड्या फेऱ्यांत होते. आणि सहा किलोमीटरच्या वाहिनीत धक्का टोकाला जाऊन परत यायला बारा सेकंद लागतात. तेवढ्या वेळात शेवटचा टप्पा उरकला तर तो दहा सेकंदांत उरकला काय आणि एका सेकंदात काय, दाब पुरताच चढतो. सहाशे मीटरच्या वाहिनीत तेच दहा सेकंद पुष्कळ होतात. ‘सावकाश’ म्हणजे किती, हे वाहिनीची लांबी ठरवते. त्या व्हॉल्व्हमननं हे कानानं ओळखलं होतं. आम्ही त्याच्या फेऱ्यांचं आणि थांबण्याचं वेळापत्रक लिहून घेतलं आणि ते पंपहाऊसच्या भिंतीवर लावलं.

वीजकेंद्रांना हा प्रश्न आमच्याआधीपासून ठाऊक आहे. झोतयंत्रं एकदम थांबली तर बोगद्यातलं पाणी कुठे जाणार? म्हणून कोयनेला बोगदा आणि खाली पोफळीकडे उतरणाऱ्या दाबविहिरी यांच्यामध्ये सर्ज टँक आहे. खालून येणारा धक्का तिथल्या मोकळ्या पाण्यावर परावर्तित होतो, पाणी टाकीत वर-खाली हेलकावतं आणि लांब बोगदा वाचतो. जिथे ही काळजी तोकडी पडली तिथे काय होतं ते जपानमधल्या ओइगावा केंद्रानं १९५० साली दाखवलं. व्हॉल्व्ह झटक्यात बंद झाला, दाबानं पेनस्टॉक फुटला, आणि फुटलेल्या तोंडातून पाणी इतक्या वेगानं निघून गेलं की वरच्या भागात निर्वात होऊन तोच नळ आत चेपला. फुगून फुटणं आणि चेपून बसणं, दोन्ही एकाच घटनेत.

हा विषय मला अनपेक्षित ठिकाणी पुन्हा भेटला. आई अतिदक्षता विभागात होती. तिच्या मनगटाच्या रोहिणीत बारीक नळी घातली होती आणि पडद्यावर प्रत्येक ठोक्याचा दाब उमटत होता. एका सकाळी तो आलेख बोथट दिसायला लागला. मला भीती वाटली. परिचारिकेनं पडद्याकडे पाहिलं, मग नळीकडे, एका जोडाला नखानं टिचक्या मारल्या, अडकलेला इवलासा बुडबुडा मोकळा करून बाहेर काढला आणि सलाइनचा एक झोत दिला. रेघ एकदम चौकोनी उडी मारून खाली आली, एकदा किंचित हिंदकळली, आणि पुढचा ठोका टोकदार उमटला. आईचा रक्तदाब तोच होता. बदललं होतं ते त्याच्या वाटेतलं. मी डॉक्टरांशी बोललो तेव्हा त्यांनी सांगितलं की तरुण माणसाचा वरचा रक्तदाब हृदयाजवळच्या महारोहिणीपेक्षा मनगटात जास्त भरतो. पुढच्या वाहिन्या ताठ होत जातात आणि शाखांवरून परतलेल्या लहरी मूळ लहरीत मिसळतात. महारोहिणीत नाडीची लहर तरुणपणी सेकंदाला ५ मीटरच्या आसपास जाते आणि वाढत्या वयात भिंत ताठरली की दुप्पट होते. मग परतलेली लहर लवकर, हृदय अजून आकुंचन पावत असतानाच येऊन पोहोचते आणि त्याचं काम वाढवते.

घरी येऊन मी इतिहास वाचला. नळातल्या धक्क्याचा वेग काढायला आम्ही जे सूत्र वापरतो, त्याचा मोठा भाग रक्तवाहिन्यांच्या अभ्यासातून आला आहे. टॉमस यंगनं १८०८ मध्ये लंडनला रॉयल सोसायटीत हृदय आणि रोहिण्यांवर व्याख्यान दिलं होतं. मोन्स आणि कोर्टवेग या दोघा डच संशोधकांचं काम १८७८ चं. झुकोव्स्कीच्या नावानं चालणारा दाब आणि वेग यांचा संबंध तर योहानेस फॉन क्रीस या जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञानं १८८३ मध्येच नाडीच्या अभ्यासात मांडला होता. पाण्याचा इंजिनिअर आणि हृदयाचा डॉक्टर यांनी एकमेकांची पुस्तकं वाचावीत असं मला तेव्हापासून वाटतं, आणि संधी मिळेल तिथे मी ते सांगतो.

धक्का वाटेनं बदलत असेल, तर बदललेल्या धक्क्यावरून वाटेत काय आहे ते उलट शोधता यायला हवं. झुकोव्स्कीनंही परतलेल्या लहरींवरून नळातली गळती कुठे आहे ते सांगता येतं असं दाखवलं होतं. एका शहराच्या वाहिनीत पाणी कमी का येतं ते वर्षानुवर्षं कळत नव्हतं. नळाच्या आत गाळ बसला असेल म्हणून सगळी वाहिनी बदलायचा प्रस्ताव तयार होता. आम्ही एक छोटा व्हॉल्व्ह झटकन लावून बेताचा धक्का दिला आणि आलेख पाहिला. टाकीचं अंतर माहीत होतं, तिच्यावरून परतलेल्या लहरीनं वेग काढून दिला, ११०० मीटरच्या जवळपास. पण तिच्याआधीच, चौथ्या सेकंदाला एक लहानशी चढण होती. येऊन-जाऊन चार सेकंद म्हणजे अंतर २,२०० मीटर. तिथे डांबरी रस्ता होता, दुसरं काही नाही. नगरपालिकेतून निवृत्त झालेल्या एका फिटरला आम्ही घरून बोलावून आणलं. तो म्हणाला, इथं पूर्वी चेंबर होतं, रस्ता रुंद केला तेव्हा गाडलं. खोदल्यावर स्लूस व्हॉल्व्ह निघाला, थोड्या फेऱ्या सोडून पुरता लागलेला. वाहिनी बदलायचा प्रस्ताव रद्द झाला.

टेकाडावरच्या त्या शेतकऱ्याकडे मी नंतरही जात राहिलो. एअर व्हॉल्व्ह नवा बसवला म्हणून प्रश्न संपत नाही. मराठवाड्यात उन्हाळ्यात एअर व्हॉल्व्हच्या गळतीवर हंडे भरतात, गुरं पाणी पितात. वाहिनी आपल्या रानातून जाते आणि पाणी मात्र लांबच्या शहराला, हे लोकांना रोज दिसतं. मग कोणी चेंडूखाली काडी घालतं, कोणी झाकण उचकटतं, आणि गळती असह्य झाली की कोणी खालचा व्हॉल्व्हच लावतं. पोलिसात तक्रार देऊन हे थांबल्याचं मी पाहिलेलं नाही. मी तिथे वाहिनीवरून एक रीतसर नळ आणि गुरांसाठी सिमेंटचं टाकं द्यायचं सुचवलं. अंदाजपत्रकात त्यासाठी लेखाशीर्ष नव्हतं. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर ते ‘संकीर्ण’मध्ये बसलं.

चेंबरमधला सेन्सर आम्ही तिथेच ठेवला आहे. लाईट गेली की दाब आता उणे दोन मीटरच्या आसपास जातो आणि काटा न उठता परत येतो. टाक्यात शेवाळ धरतं, ते तो शेतकरी स्वतः घासून काढतो, आणि एअर व्हॉल्व्ह गळायला लागला तर फोन करतो. गेल्या खेपेला त्याच्या फोननंतर फिटर दुसऱ्याच दिवशी पोहोचला.